घरातलं नाव

तुळसाने आणि मी मिळून जे शेवटचं साधंसुधं काम केलं, ते तांबड्या मुंग्यांचं घरटं उतरवायचं. घरामागे फणस होता. त्याच्या वरच्या फांदीला मुंग्यांनी पानं एकमेकांना चिकटवून डोक्याएवढा गोळा केला होता. मी कोयता कमरेला लावून चढलो, ती खाली सूप धरून उभी राहिली. सुपात राख पसरली की मुंग्या हातावर चढत नाहीत असं आम्ही म्हणायचो. चढायच्याच. फांदी तोडली तर घरटं सुपात न पडता तिच्या खांद्यावर आदळलं. ती ओरडली नाही. दात आवळून नाचत नाचत तिने मुंग्या सुपात झटकल्या आणि वर बघून म्हणाली, "दादा, तुझा नेम बघून आंधळासुद्धा हसेल." मग चुलीवर मुंग्या भाजल्या, मिरची, लसूण, मीठ घालून पाट्यावर वाटल्या. ती चटणी आंबट लागते, लिंबासारखी पण लिंबाहून वेगळी. नाचणीच्या भाकरीवर घेऊन आम्ही खाल्ली. तिने आपल्यातली निम्मी माझ्या भाकरीवर सारली. "मला त्यांनी आधीच खाल्लंय," म्हणाली, "आता परत मी त्यांना काय खायचं?" तिच्या मानेवर गांधी उठल्या होत्या. मी त्यांना चुना लावला. मी बारा वर्षांचा असेन, ती नऊची.

हे मी जपानात, त्सुकुबात, माझ्या मुलीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून लिहितोय. मुलगी, रेणू, इथल्या एका संस्थेत माती तपासते. माती तपासायचा पगार मिळतो हे मला अजून पटत नाही, पण मिळतो. मी आणि माझी बायको मालन, दोघं तिच्याकडे राहायला आलो होतो. थंडीत मालन गेली. इथे जाळल्यावर हाडं घरच्यांनी लांब काड्यांनी उचलून मडक्यात ठेवायची असतात, पायापासून वर, म्हणजे माणूस मडक्यात उलटा राहू नये. रेणूने एक टोक धरलं, मी एक. तिथला माणूस मान झुकवून थांबला होता, घाई नाही काही नाही. त्या दिवसापासून मी खिडकीत बसून असतो. शेवटी रेणू चिडली, कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, एक वही घेऊन आली.

"बाबा, बाहेर बघून काय दिसतं तुम्हाला? सायकली. त्यापेक्षा लिहा."

"काय लिहू? माझी चौथीपण पुरी झाली नाही."

"लहानपण लिहा. आई किती वेळा विचारायची, तुम्ही कधी सांगितलंत तिला?"

खरं आहे. मालन विचारायची, तुम्हाला बहीण होती ना, तिचं काय झालं. मी सांगायचो, तापाने गेली. सगळा संसार झाला, मी तेच सांगत राहिलो. आता ऐकायला ती नाही, म्हणून लिहितोय. भित्रा माणूस असाच लिहितो.

आमची वाडी खानापूरच्या जंगलात. सिद्द्यांची पंधरा-वीस घरं. सिद्दी म्हणजे कोण हे ज्याला ठाऊक नाही त्याला सांगतो. आमचे जुने लोक आफ्रिकेतून पकडून आणलेले. पोर्तुगीजांनी जहाजात कोंबून गोव्याला आणले, विकले, आणि त्यातले जे पळाले ते घाट चढून या जंगलात शिरले. रंग त्यांचा, केस त्यांचे, ओठ त्यांचे. भाषा मात्र मराठी, तिच्यात थोडी कोकणी आणि थोडी कानडी. इथे रेणूला विचारतात, आफ्रिकेतला कुठला देश? ती सांगते, इंडिया. मग ते इतक्यांदा माफी मागतात की तिलाच लाज वाटते. आमच्या लहानपणी कोणी माफी मागत नव्हतं. बाजारात पोरं आमचे केस ओढून बघायची, खरे आहेत का.

घर एकच खोली, कुडाचं. एका कोपऱ्यात वाडवडिलांचा नारळ मांडलेला, त्याला रोज पाणी दाखवायचं. वर आढ्याला दमाम टांगलेला. दमाम म्हणजे आमचा ढोल, हरणाच्या कातड्याचा, आणि तो नुसता हाताने वाजवायचा. पावसाळ्यात कातडं सैल पडायचं, मग बा तो चुलीजवळ धरून शेकायचा आणि मधेमधे बोटाने टकटक करून बघायचा. तो आवाज मला अजून झोपेत येतो. खाणं म्हणजे नाचणीची आंबील, रानातले कंद, ओढ्यातले खेकडे, आणि वैशाखात इतके फणस की हाताचा चीक आठवडाभर निघायचा नाही.

आणि एक नियम होता. आमच्या घरात प्रत्येक पोराला दोन नावं. एक बाहेरचं, शाळेत आणि बाजारात सांगायचं. एक घरातलं, ते फक्त आईबापाला, भावंडांना आणि आत्याला ठाऊक. घराबाहेर कोणी बाहेरच्या नावाने हाक मारली, कितीही ओळखीचा असला, तरी लगेच ओ द्यायची नाही. घरातल्या नावाने तीनदा हाक आली तरच समजायचं की आपलं माणूस आहे, भ्यायचं कारण नाही. एकदा आली, दोनदा आली, तरी गप्प. तिसरी आली की धावत यायचं. हे आम्हाला बोलायला शिकताना शिकवलं जायचं. अजून मला इथल्या दवाखान्यात 'अमुक-सान' म्हणून नाव पुकारलं की मी उठत नाही. नर्स पुन्हा पुकारते, मी बसलेलाच. रेणू कोपर मारते. "बाबा, तुम्हालाच बोलावतायत." मला ठाऊक असतं. अंग उठत नाही.

हा नियम कुठून आला ते थोरली आत्या सांगायची. ती नवऱ्याने टाकलेली, आमच्याकडेच राहायची. तुळसाच्या केसांना तेल लावताना सांगायची, म्हणजे पोर हलू शकत नाही. तिच्या सांगण्यात राजा-राणी नव्हतं. जशी ती डाळ निवडायची तसंच सांगायची. आपल्या घरातली पहिली बाई, ती तेव्हा पोर होती, तुळसाएवढी. अंगणात दाणे कांडत होती. तिच्या घरी येऊन जेवून गेलेला एक माणूस होता, मामाचा दोस्त. त्याने झाडीतून तिला नावाने हाक मारली. तिने मुसळ टेकवून ठेवलं आणि गेली. तोंडात कापड कोंबलं. मग चालणं. पुढच्या माणसाच्या मानेला लाकूड, मागच्याच्या मानेला लाकूड, दोरी. पहिले काही दिवस ती रडली ती आईसाठी नाही, मुसळासाठी. पावसात भिजून तडकेल, आई मारेल. ज्या बाईला चालवेना तिचं मूल वाटेत ठेवायला लावलं, झाडाच्या मुळाशी. मूल मागे बराच वेळ ऐकू येत होतं. मग समुद्र आला. त्यांच्यातल्या कोणी तो पाहिलेला नव्हता. तिला वाटलं आभाळ खाली सांडलंय. सगळ्यांना वाटलं आता आपल्याला खाणार, नाहीतर इतक्या लांबून जिवंत कशाला आणतील? जहाजाच्या पोटात उभं राहायला जागा नाही, पाणी कमरेवर येऊन परत जायचं, त्यात सगळ्यांची घाण. शेजारी एक दुसरी पोर होती. तिची भाषा हिला कळेना, हिची तिला. दोघींनी एकमेकींचा अंगठा धरला होता. एके सकाळी त्या अंगठ्याने हिला परत दाबलं नाही. तरी हिने तो सोडला नाही. वरून माणूस आला, त्याने सोडवला.

"मग?" तुळसा विचारायची. तिला सगळं पाठ होतं.

"मग काय? गोव्याला उतरवलं. धुतलं, तेल चोळलं, म्हशीसारखं तोंड उघडून दात बघितले. पाद्र्याने डोक्यावर पाणी घालून नवं नाव दिलं. त्या नावाला ती ओ द्यायची. जुनं मात्र तिने कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही. ज्या नावाने धरलं ते नाव ती गिळून बसली. म्हणून आपल्याला ते ठाऊक नाही."

"ओरडली का नाही ती?"

"ओळखीचा माणूस होता ना," आत्या म्हणायची. "ओळखीच्या माणसापुढे कोण ओरडतं? मान सरळ ठेव."

परवा नात, इरा, शाळेतून आली. सात वर्षांची आहे, शाळेत एकटी चालत जाते, सगळीच पोरं जातात. दप्तराला एक प्लास्टिकची डबी लटकते. तिची दोरी ओढली की कानठळ्या बसतील अशी किंचाळते. कोणी उचलून न्यायला लागलं तर ओढायची. शाळेत शिकवतात, कोणी म्हणालं तुझी आई आजारी आहे, चल, तरी जायचं नाही. ती मला हे अर्धं जपानीत, अर्धं मराठीत सांगत होती.

मी म्हटलं, "आणि दादाने बोलावलं तर?"

"दादाने? मग जायचं." तिने विचार केला. "पण मला दादा नाहीये ना."

"नाहीये ते बरंय," मी म्हटलं. तिला वाटलं आजोबा थट्टा करतायत. हसली आणि दूध प्यायला गेली.

आता मुकादमाचं सांगतो. बाजाराच्या गावचा एक मुकादम होता. बांबू तोडायला, कोळसा पाडायला आमची माणसं न्यायचा. आमच्या घरी बसून जेवायचा, आमची चटणी मिटक्या मारत खायचा, येताना पोरांना गूळ आणायचा. तुळसाला 'काळी मैना' म्हणायचा. त्या वर्षी तो आईला म्हणाला, मुंबईला एक चांगलं घर आहे, लहान बाळ सांभाळायला पोर पाहिजे. दोन वेळा जेवण, कपडे, शाळेतपण घालतील. आई म्हणाली, नाही. तो हसला, परत आला, परत म्हणाला. आई म्हणाली, एकदा सांगितलं ना. बा तेव्हा त्याच्याच टोळीत लांबच्या जंगलात बांबू तोडत होता. आईला भीती बसली. तिने तुळसाला सांगितलं, जीपचा आवाज आला की ओढ्यापलीकडे जायचं, करवंदीच्या जाळीत बसायचं. आपल्यापैकी कोणी घरातल्या नावाने तीनदा बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नाही. मला सांगितलं, तू लक्ष ठेव.

मुंग्यांचं घरटं काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार होता. आई आणि आत्या मध, शिकेकाई घेऊन पहाटेच गेल्या. दुपारी जीप आली. तुळसा आवाजासरशी उठून गेली, मी अंगणात बसून राहिलो. मुकादम उतरला. जीपमध्ये मागे एक अनोळखी बाई बसली होती, पदर ओढून.

"आई कुठाय रे?"

"बाजाराला."

"आणि मैना?"

"नाही ठाऊक."

"तुमची जात मला ठाऊक आहे. मांजरीसारखी पोरं लपवता." तो रागावला नव्हता. माझ्या शेजारी उकिडवा बसला, पिशवीतून एक शर्ट काढला. पांढरा, दुकानातला, घडी घातलेला, घडीत टाचण्या. "गुरुजी तुला दाराशी बसवतात म्हणे."

बसवायचे. माझा शर्ट पाठीवर फाटलेला होता, आत चामडी दिसायची. गुरुजी म्हणायचे, आधी माणसासारखे कपडे घालून ये. चौथीतली पोरं माझ्याहून लहान, ती मागे वळून बघायची. हे मुकादमाला कसं कळलं देव जाणे. त्याने शर्ट माझ्या मांडीवर ठेवला. मी बोट लावलं तर ते कापड कडक होतं, कांजी केलेलं. नवं कापड कसं असतं ते मला तोवर ठाऊक नव्हतं.

"तिलापण फ्रॉक आणलाय. फक्त दोन शब्द बोलायचेत. बोलाव."

"ती येणार नाही."

"माझ्या हाकेला नाही येणार. तुझ्या येईल की."

"बोलून सोडाल ना?"

"नाहीतर काय खाणार आहे तिला?"

मी उठलो. पहिली हाक बारीक निघाली, पण निघाली. दुसरी ओढ्यापलीकडे गेली. तिसरी मात्र मी चांगली मारली. खाकरून, घसा मोकळा करून मारली. हे लिहिलंच पाहिजे. मला कोणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. तिचं घरातलं नाव मी उघड्या अंगणात तीनदा घेतलं, आणि शेजारी उभ्या माणसाला ते कळलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

ती धावत आली. केसात पानं, मानेवर कालचा चुना. "आई आली? काय आणलं?" असं विचारतच आली, आणि मुकादमाने तिचं मनगट धरलं. ती बाई खाली उतरली, तिने दुसरा हात धरला. तुळसा ओरडली नाही. मी वाट बघत होतो, ओरडली असती तर शेजारची म्हातारी बाहेर आली असती. तिने फक्त माझ्याकडे बघून विचारलं, "दादा, तूच हाक मारलीस ना?" जसं काही तिचीच ऐकण्यात चूक झाली असेल. मी होय म्हणून मान हलवली. जीपमध्ये बसवल्यावर मुकादम तिला तिच्या घरातल्या नावाने म्हणाला, "चल, रडायचं नाही." तेव्हा ती रडायला लागली. शर्ट माझ्या हातातच होता.

आई दिवे लागायच्या आधी आली. दाराशी उभी राहून तिने तीन हाका मारल्या. मग घरामागे जाऊन तीन. मग ओढ्यावर. मी म्हटलं, अळंबी काढायला गेली असेल. वाडीतली माणसं जमली, दमाम खाली काढून वाजवायला लागली, म्हणजे वाट चुकली असेल तर आवाजाच्या दिशेने येईल. मीपण वाजवला. सगळ्यांबरोबर मीपण वाजवत बसलो होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. तिसऱ्या दिवशी आईला शर्ट दिसला. तिने मला मारलं नाही, तो चुलीतही घातला नाही. फक्त त्या दिवसापासून माझं घरातलं नाव तिने कधी घेतलं नाही, मरेपर्यंत बाहेरच्या नावानेच बोलावलं. बा मुकादमाच्या गावी गेला. मुकादम म्हणाला, पोर मुंबईत घरातून पळाली, मी काय करू? पोलीसपाटलाने उलट बापालाच सुनावलं, तुम्ही लोक पोरं विकता आणि मग रडता. बा हात हलवत परत आला. मी शाळा सोडली. सोळाव्या वर्षी मुंबईला गेलो, गोदीत हमाली केली, पुढे वॉचमन झालो. सुट्टीच्या दिवशी मोठ्या इमारतींच्या खाली उभा राहून घरातल्या नावाने तीन हाका मारायचो. गॅलरीतून बायका डोकवायच्या. वॉचमन हाकलायचे, वेडा आहे म्हणायचे. मालनशी लग्न झालं तेव्हा बंद केलं. तिला काय सांगणार होतो?

इथे म्हातारं माणूस हरवलं तर गावभर खांबांवर लावलेल्या कर्ण्यांतून सांगतात. रेणू मला अर्थ सांगते, इतक्या वयाचे आजोबा, करडा स्वेटर, दिसले तर कळवा. बाई अगदी सावकाश बोलते, एकेक शब्द सोडून, कारण आवाज इमारतींवर आपटून परत येतो. मालन असताना आम्ही दोघं हातातलं काम थांबवून ऐकायचो. ती म्हणायची, "बघा, एका म्हाताऱ्यासाठी सगळं शहर गप्प करतात." मी उठून आत जायचो. तिला वाटायचं मला कंटाळा येतो. सापडले की तेही सांगतात, सापडले, आभारी आहोत.

मालनला मी हाक मारल्याचं कदाचित सांगितलं असतं. ती समजून घेणारी होती, म्हणाली असती, बारा वर्षांचं पोर, त्याला काय कळतं. सांगता येत नव्हतं ते दुसऱ्या दिवशी सकाळचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि वाडीतली माणसं पुन्हा रानात गेली होती. घरी मी एकटा. शर्ट मी गवताच्या गंजीत खुपसून ठेवला होता, तो काढला. ओढ्यावर जाऊन अंग धुतलं, केस भिजवून चापून बसवले, शर्ट घातला आणि शाळेत गेलो. तीन मैल चालत गेलो. गुरुजींनी मला दारात थांबवून वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, "आज माणसात आलास." आणि पुढच्या ओळीत बसवलं. शेजारच्या पोराने बाही चिमटीत धरून बघितली. कॉलरमधली एक टाचणी काढायची राहिली होती, ती मानेला टोचत होती. तरी मला बरं वाटत होतं. दुपारची सुट्टी होईपर्यंत मला तुळसाची आठवणसुद्धा आली नाही.